यादीतलं नाव

“चिठ्ठी ठेवून जावा बाई, पण यंदा आमच्या घरातनं कोण येणार न्हाय.”

२०२४ च्या एप्रिलची अखेर होती. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी लोकसभेच्या मतदार चिठ्ठ्या वाटत फिरत होते. दुपारचं ऊन, खांद्याला शाळेची पिशवी, हातात यादी. दारात उभा असलेला माणूस पंचेचाळिशीचा. दोन एकर रान, तीन म्हशी, कराडला शिकणारी एक मुलगी. मी त्याला बारा वर्षं ओळखते. २०१९ ला म्हाताऱ्या आईला मोटरसायकलवर बसवून केंद्रावर घेऊन आलेला तो हाच. त्यानं मला पाण्याचा तांब्या दिला, ओट्यावर बसायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाला, “एकोणीसला मी मत दिलं. ते कुठं गेलं तेवढं मला सांगा. मग येतो.”

मी बीएलओ आहे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. पक्षाबद्दल, पुढाऱ्याबद्दल बोलायची मला मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा प्रश्न पक्षाचा नव्हता. त्यानं बोटांवर मोजत तारखा सांगितल्या. २१ ऑक्टोबर २०१९ ला मतदान. २३ नोव्हेंबरला पहाटे एक शपथविधी. २८ नोव्हेंबरला दुसरा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, महिनाअखेरीस तिसरं सरकार. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. ज्यांच्या विरोधात मत मागितलं त्यांच्याच मांडीला मांडी लावून माणसं बसली. “मत एक, सरकारं तीन. आन मला कुणी विचारलं का, तुझं मत उचलून तिकडं ठेवू का म्हणून?”

असली घरं ‘उदासीन मतदार’ या रकान्यात जमा करायची आणि पुढं जायचं, अशी आमच्या खात्यातली रीत आहे. मीही तसं पूर्वी करायची. पण ज्याला काही वाटत नाही त्याला तारखा पाठ नसतात. त्या ओट्यावर मला दिसत होता तो उदासीन माणूस नव्हता, दुखावलेला होता. या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे कळायला मला या कामात दहा वर्षं लागली.

माझं माहेर कराड तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. सासर आणि नोकरी कडेगावात, म्हणजे सांगलीत. मधे फक्त सुर्लीचा घाट. तसे हे दोन्ही जिल्हे एकाच पोटातले. १ ऑगस्ट १९४९ ला सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी १९४२ नंतरची तीन-चार वर्षं नाना पाटलांचं प्रती सरकार चाललं ते या सगळ्या टापूत. कुंडल आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. यशवंतराव चव्हाणांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी माझ्या माहेरचं कराड. त्यामुळं राजकारण इथं चहाइतकं रोजचं आहे. कोण कोणत्या गटाचा हे सून घरात आली की पहिल्या आठवड्यात तिला सांगितलं जातं. अशा मातीत जेव्हा माणूस म्हणतो, आम्ही येणार नाही, तेव्हा ते गंभीरपणे घ्यायला हवं.

२०१२ पासून माझ्याकडे गावातला एक यादी भाग आहे. हजाराच्या आसपास नावं. काम कागदावर सोपं: नवीन नाव घालायचं तर नमुना ६, वगळायचं तर नमुना ७, दुरुस्ती किंवा स्थलांतर असेल तर नमुना ८. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर दारोदार फिरायचं. कोण वारलं, कोण लग्न होऊन आली, कोण लग्न होऊन गेली, कुणाला अठरा पूर्ण झाली. गावाची सगळी सुखदुःखं त्या यादीत येऊन बसतात. एका पोरीचं नाव काढताना तिच्या लग्नाची मिठाई खाल्ली आहे आणि दुसरीचं काढताना तिच्या आईजवळ बसून रडले आहे.

या कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

१७ एप्रिल २०१४. लोकसभेचं मतदान. मी शाळेच्या व्हरांड्यात मदत कक्षाच्या टेबलावर यादी घेऊन बसले होते. सकाळी आठच्या सुमारास गावातले आबा आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. त्या वेळी शहात्तर वर्षांचे. मी नाव शोधलं आणि माझे हात गार पडले. त्यांच्या नावावर वगळल्याचा शिक्का होता. त्यांच्या भावकीत त्याच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दुसरे गृहस्थ वर्षभरापूर्वी वारले होते. कुणीतरी सांगितलं, मी नमुना भरला, घरी जाऊन खात्री केली नाही. एक ओळ चुकली आणि जिवंत माणूस यादीतून गेला.

आबांना समजेना. मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, “म्हंजे मी मेलो का?” कुणी हसलं नाही. रांगेतली माणसं खाली बघायला लागली. ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “बासष्ट सालापास्नं एक बी पाळी चुकवली न्हाय बाई मी.” मग वळून घरी गेले. पाठमोरी ती टोपी शाळेच्या फाटकातून बाहेर जाताना मी पाहिली. त्या दिवशी राज्यात माझ्यासारख्या चुकांनी किती नावं गेली होती याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आल्या. पण माझ्यासाठी ती बातमी नव्हती. मला त्यातलं एक नाव माहीत होतं, आणि ते काढणारा हातही.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. चूक माझी आहे असं सांगितलं, नमुना ६ स्वतः भरला, त्यांची सही घेतली. आजींनी चहा दिला. आबा बोलले नाहीत. १५ ऑक्टोबरला विधानसभेच्या मतदानाला ते आले, नाव सापडलं, शाई लागली, तेव्हाही ते बोलले नाहीत. फक्त यादीतल्या आपल्या नावावर बोट ठेवून क्षणभर थांबले. तेव्हापासून मी एकही नाव कुणाच्या सांगण्यावर काढलेलं नाही. उंबऱ्यापर्यंत जाते, विचारते, बघते, मगच लिहिते. मतदार रुसतो याची कारणं आम्ही दिल्ली-मुंबईत शोधतो. त्यातली काही आमच्याच टेबलावर असतात.

मग आलं २०१९. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं जे रूप दाखवलं ते या जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली आणि १७ माणसं गेली. आमचा भाग उंचावरचा, त्यामुळं आम्ही भाकरी बांधून खाली पाठवत होतो. गोठ्यात दावणीला बांधलेलीच जनावरं मेली होती. अडीच महिन्यांनी त्याच भागात मतदान. पलूस-कडेगाव हा एकच मतदारसंघ. माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांना वाटत होतं, चिखल काढणारी माणसं मताला कशाला येतील?

माणसं आली. २४ ऑक्टोबरला निकाल लागला तेव्हा आमच्या मतदारसंघाचं नाव देशभर झालं. विश्वजित कदम १ लाख ७१ हजारांहून अधिक मतं घेऊन निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता. दुसरा होता ‘नोटा’, २० हजार ६३१ मतं घेऊन. तिसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला नऊ हजारांच्या आत मतं होती. याचे अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावले. त्यात मी पडत नाही. माझ्या डोळ्यांसमोर येते ती एवढीच गोष्ट: वीस हजार माणसं उन्हापावसात रांगेत उभी राहिली, ओळखपत्र दाखवलं, शाई लावून घेतली आणि यादीतल्या एकाही नावाला मत दिलं नाही. घरी बसलेला माणूस आणि हा माणूस दोघंही नाराज. पण घरी बसलेल्याची नाराजी कुणाच्याच वहीत नोंदली जात नाही. या वीस हजारांची नोंद निवडणूक आयोगाच्या कागदावर कायमची आहे. विधानसभेला नोटा पहिला आला तरी निवडणूक रद्द होत नाही, हे मान्य. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्येच असा आदेश काढला होता की स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायची. हे मी त्यानंतर जिथं संधी मिळेल तिथं सांगत आले. नाराजीलाही जागा आहे, ती रिकामी सोडू नका.

घाटापलीकडं माझ्या माहेरी त्याच २१ ऑक्टोबरला दोन मतदानं होती, विधानसभेचं आणि सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं. एप्रिलमध्ये निवडून दिलेल्या उदयनराजे भोसल्यांनी सप्टेंबरमध्ये खासदारकी सोडून पक्ष बदलला होता. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवारांची भर पावसातली सभा झाली, ती सगळ्यांनी पाहिली. निकालात श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पुढं २०२४ मध्ये त्याच साताऱ्यानं उदयनराजेंना पुन्हा निवडून दिलं. कोण जिंकलं याचा आनंद किंवा दुःख मी इथं सांगत नाही. पाच महिन्यांपूर्वी दिलेलं मत हललं तर मतदार त्याचा जाब विचारू शकतो, आणि साडेचार वर्षांनी आपला विचार बदलूही शकतो, हे मला माझ्या माहेरानं दाखवलं. तो अधिकार शाबूत आहे तोवर मला दारोदार फिरायचं बळ राहतं.

पण २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत ते बळ फार कमी झालं होतं, हेही खरं.

पक्ष फुटले तसे वाडे फुटले. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ दोन गटांत गेले. ३ जुलै २०२३ ला शरद पवार कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीला आले त्या दिवशी माझे दोन चुलते टीव्हीपुढं भांडले. पुढं वर्षभर एकमेकांच्या घरी गेले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि ऑक्टोबरमध्ये गावोगाव पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी आम्हीच शिक्षक मोबाइल घेऊन घरोघरी गेलो. ज्या दारात मी कित्येक वर्षं ‘बाई’ होते तिथं पहिल्यांदा मला विचारलं गेलं, “बाई, तुम्ही कुणाच्या?” आणि चार घरं सोडून दुसऱ्या आळीत तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं.

त्याच सप्टेंबरच्या १० तारखेला खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी आम्हाला परकी नाही. बाजारहाटाची, सोयरिकीची गावं आहेत ती. आमच्या कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटी पाहायला लांबून लोक येतात. मोहरमला दोन्ही समाज त्या ताबुतांखाली खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्या गावाच्या पंचक्रोशीत माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघायला लागली. मतदार यादीच्या कामासाठी मी एका मुस्लीम घरी गेले. घरातल्या आजी जेमतेम सही करणाऱ्या. त्यांनी पेटीतून कापडात बांधलेली सगळी ओळखपत्रं काढली, माझ्यापुढं मांडली आणि म्हणाल्या, “बाई, सगळ्यांची नावं नीट बघा. एक बी सुटाया नगं.” त्यांनी पाच जणांची नावं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. दोनदा. मत कुणाला द्यायचं हा विचार त्यांच्या मनात नंतरचा होता. आधी आपण या गावाचे आहोत हे कागदावर पाहायचं होतं. वरच्या आळीतला माझा नाराज शेतकरी आणि या आजी एकाच यादीच्या दोन टोकांना होते. त्याला वाटत होतं, मत देऊन काय झालं. आजींना वाटत होतं, नाव गेलं तर काय होईल. ही यादी काय आहे हे मला त्या दोघांनी मिळून समजावलं.

मतदार जागृतीचे कार्यक्रम आम्ही दरवेळी करतो. रांगोळ्या, प्रभातफेरी, मुलांच्या हातात फलक, सामूहिक शपथ, आई-वडिलांना लिहिलेली पत्रं. मुलं उत्साहानं करतात, मलाही आवडतं. पण इतक्या वर्षांत रांगोळी पाहून घराबाहेर पडलेला मतदार मला भेटला नाही. माणूस येतो तो कुणीतरी त्याच्या दारात येऊन त्याचं ऐकून घेतलं म्हणून. म्हणून २०२४ ला मी पद्धत बदलली. चिठ्ठी देताना ‘मतदान करा’ म्हणायचं सोडलं. “काय चाललंय?” एवढं विचारून गप्प बसायची. मग दुधाचा दर निघायचा, रात्रीची वीज निघायची, पोराचं लग्न जमत नाही हे निघायचं, स्पर्धा परीक्षा देऊन घरी परतलेला मुलगा आतल्या खोलीतून बाहेर येऊन दोन वाक्यं बोलायचा. मी उपाय सांगत नव्हते, माझ्याकडे नव्हतेच. पण निघताना माणसं आपण होऊन विचारायची, “केंद्र तेच हाय न्हवं? शाळेतलंच?”

आमच्या भागातले कितीतरी जण गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी गाळण्याच्या. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव इथली पोरं पार केरळ-तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. मतदानाला तीन आठवडे असताना त्यांच्या आयांकडून नंबर घेऊन मी फोन केले. “तुमचं नाव आहे, मी खात्री केली आहे, जमलं तर या,” इतकंच. सगळे आले नाहीत. पण कोइमतूरहून एक जण रात्रभर प्रवास करून आला आणि म्हणाला, “बाई, एवढ्या वर्षांत गावाकडनं कुणी फोन करून बोलवलं न्हवतं. फक्त वर्गणीला करतात.”

आणि नव्या सुना. हे बाईमाणूस असल्यामुळं माझ्या लक्षात आलं. लग्न झालं की माहेरच्या यादीतून नाव जातं, सासरच्या यादीत यायला दोन-तीन वर्षं लागतात, कारण ते कुणालाच तातडीचं वाटत नाही. रेशनकार्डावर नाव चढतं, यादीत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत लाखो बायकांनी आपलं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहून घेतलं होतं, आणि सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगानं नाव सांगितल्याशिवाय नोंद करायला नकार दिला होता. देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यामुळं यादीबाहेर राहिली. मी हे सुनांना सांगते आणि त्यांच्याकडून त्यांचं पूर्ण नाव त्यांच्या तोंडून म्हणवून घेते. सासूबाई शेजारी उभ्या असतात, तरीही.

७ मे २०२४ ला दोन्ही जिल्ह्यांत मतदान झालं. ४ जूनला निकाल लागला आणि दोन्ही जिल्ह्यांनी मला एकेक धडा दिला. सांगलीत आघाडीच्या जागावाटपात ज्यांना उमेदवारी मिळाली नाही ते विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा या चिन्हावर एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. मुंबईत बसून ठरलेलं गणित इथल्या माणसांनी इथल्या शाळांच्या व्हरांड्यात बदललं. कुणाला ते आवडलं असेल, कुणाला नाही. पण ‘वरच ठरतं सगळं’ हे वाक्य त्यानंतर काही महिने तरी माझ्या कानावर आलं नाही.

साताऱ्यात उलट घडलं. तिथं विजयाचं अंतर होतं ३२ हजार ७७१. शशिकांत शिंदे हरले. त्यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. आणि ज्या अपक्ष उमेदवाराचं चिन्ह नुसतं तुतारीसारखं वाद्य होतं त्याला मिळाली ३७ हजार ६२ मतं. त्यातली किती मनापासून आणि किती गोंधळून, हे कुणीच सांगू शकत नाही. पण निकालानंतर मी माहेरी गेले तेव्हा माझी आत्या स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, “मी चुकले वाटतं गं.” एवढंच. डोळे भरले होते. मत गुप्त असतं म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. माहेरच्या यादीशी माझा संबंध नाही, तरी अपराधी वाटलं. मतदार जागृती म्हणजे केंद्रापर्यंत आणणं एवढंच आम्ही धरून चाललो होतो. यंत्रापुढं उभं राहिल्यावर अक्षर ओळखीचं नसलेल्या बाईचं काय, याचा विचार कमी केला. विधानसभेच्या वेळी मी बचत गटाच्या बैठकीत कुठल्याही चिन्हाचं नाव न घेता एवढंच शिकवलं: आधी नाव, मग फोटो, मग चिन्ह बघा. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पाहिल्याशिवाय वळू नका.

यंत्रावर अविश्वास आहे, तो वाढतोही आहे. जो हरतो तो अधिक बोलतो, पण जिंकणाऱ्याच्या घरातही शंका असते. त्यावर मी वाद घालत नाही. मी सांगते, मतदानाआधी दीड तास, पहाटे साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचं अभिरूप मतदान होतं. तुमच्या गटाचा माणूस त्या वेळी जागेवर असू दे. संध्याकाळी किती मतं पडली त्याचा हिशेब १७-सी या नमुन्यावर लिहून प्रतिनिधीला दिला जातो. तो कागद घेतल्याशिवाय त्यानं केंद्र सोडू नये. दिवसभर घोषणा देणारे कार्यकर्ते संध्याकाळी तो कागद न घेता निघून गेलेले मी पाहिले आहेत. शंका असेल तर शेवटपर्यंत थांबायला हवं. तेवढं थांबणं आपल्याकडं कमी पडतं.

नाराजीचं आणखी एक कारण होतं, त्यावर मोठ्या सभांत कुणी बोलत नव्हतं. मार्च २०२२ मध्ये सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाचे, प्रभागरचनेचे खटले न्यायालयात राहिले. निवडणुका घ्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला ६ मे २०२५ उजाडला. तीन वर्षांहून अधिक काळ गावातल्या माणसाच्या हाताला लागेल असा पंचायत समितीचा, जिल्हा परिषदेचा सदस्यच नव्हता. खासदाराला कुणी रस्त्यात थांबवत नाही. सदस्याला थांबवता येतं, त्याच्या दारात जाऊन बसता येतं. जवळचं दार बंद केलं आणि लांबच्या दाराकडं पाच वर्षांनी एकदा जायला सांगितलं, तर माणसाला आपण मोजले जात नाही असंच वाटणार.

आमच्या शेजारच्या दुष्काळी तालुक्यांनी याचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पाणी संघर्ष चळवळीत आटपाडीची माणसं वर्षानुवर्षं परिषदा भरवत राहिली. समान पाणी हवं, हे त्यांनी एका मतानं मागितलं नाही, दरसाल येऊन मागितलं. जत तालुक्यातल्या गावांनी तर २०१२ मध्ये पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो असे ठराव केले, आणि २०२२ च्या अखेरीस तो विषय पुन्हा उठला तेव्हा म्हैसाळ योजनेचं विस्तारित काम सरकारला पुढं न्यावं लागलं. मत आणि मागणी या दोन्ही हातांनी काम झालं. आज टेंभूचं पाणी आमच्या तालुक्यातून पुढं जातं. पाट भरून वाहतो तेव्हा माझ्या मनात त्या परिषदांना पायी गेलेली माणसं असतात.

२०२४ च्या विधानसभेच्या वेळी आबा शहाऐंशीचे होते. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरी मतदान करता येतं, म्हणून मी १२-डीचा नमुना घेऊन त्यांच्याकडं गेले. ते रानातून आले होते, पायाला चिखल. नमुना त्यांनी हातात घेतला आणि परत दिला. “पाळी आली की रानात जावं लागतं बाई. पाणी काय घरात येत न्हाय.” मग मी त्यांना त्या पंचेचाळिशीच्या माणसाची गोष्ट सांगितली, मत कुठं गेलं असं विचारणारा. मे महिन्यात तो खरंच आला नव्हता. आबा बराच वेळ गप्प होते.

“त्याचं खरं हाय,” ते म्हणाले. “मी बी पाळी लावून झोपलो आन कुणी बांध फोडून पाणी नेलं, आसं लई वेळा झालंय. म्हणून पाळी सोडली न्हाय. आपण झोपलो म्हणून पाट थांबत न्हाय, पाणी दुसऱ्याच्या रानात जातं. पर नुसतं दारं धरून बी भागत न्हाय. रातभर पाटावर बसावं लागतं, राखण करत.”

दहा वर्षांपूर्वी माझ्या चुकीमुळं फाटकातून परत गेलेला माणूस मला हे सांगत होता. आम्ही सगळं बळ दारं धरायला खर्च करतो. राखणीबद्दल कुणाला काही शिकवत नाही. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, निवडून दिलेल्याला पत्र लिहायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि पाच वर्षांनी आम्ही विचारतो, मत कुठं गेलं. विचारायलाच हवं, पण बांध फुटला त्याच रात्री. त्या हिवाळ्यापासून मी शाळेच्या पालकसभेत मतदार यादीबरोबर ग्रामसभेची तारीखही सांगायला लागले. कधी आठ माणसं जास्त येतात, कधी कुणी नाही.

२० नोव्हेंबरला आबा सकाळी सातलाच आले. राज्यात त्या दिवशी लोकसभेपेक्षा जास्त मतदान झालं, ६६ टक्क्यांच्या आसपास. आमच्या केंद्रावर संध्याकाळी सहा वाजता फाटक बंद केलं तेव्हाही रांग होती. त्या रांगेत मी एक चेहरा शोधत होते. तो नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी तो माझ्या घरी आला. बरोबर मुलगी, कराडच्या कॉलेजातली. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. खिशातून तिचा फोटो, जन्माचा दाखला, आधार कार्डाची प्रत असं सगळं काढून त्यानं माझ्यापुढं ठेवलं. मी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, “माझं अजून मन व्हईना बाई. पर हिचं नाव घाला.”

मी नमुना ६ काढला. मुलीला म्हटलं, तुझं पूर्ण नाव तू सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं. तिनं वाचलं, मग तिच्या बापानं कागद हातात घेतला आणि ओठ हलवत, एकेका अक्षरावर थांबत, पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला.